पांढरे बोधचिन्ह गुलाबी पडते ते कापडामुळे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका पालकांचे पत्र वाचले. मुलीच्या शाळेने थंडीसाठी दिलेल्या मरून स्वेटशर्टवरचे पांढरे बोधचिन्ह महिन्याभरात गुलाबी झाले, छपाईवाल्याने हलकी शाई मारून पालकांना फसवले आणि अशा छपाईवाल्यांना शाळांनी दारात उभे करू नये, असा त्या पत्राचा सूर होता. ते स्वेटशर्ट आमच्याकडे छापलेले नव्हते. पण सातपूरला आमचे स्क्रीन प्रिंटिंगचे छोटे वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी लग्नपत्रिका आणि कापडी फलकांपासून सुरुवात केली, आता मी आणि माझे दीर ते चालवतो. निफाडकडची थंडी नाशिकात उतरायला लागली की हुडी आणि स्वेटशर्ट हेच आमचे मुख्य काम होऊन बसते. म्हणून या पत्राला उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

पालकांचा राग रास्त आहे. पैसे मोजून घेतलेला कपडा असा दिसावा हे कोणालाच पटणार नाही. पण ज्याच्यावर राग काढला तो छपाईवाला या साखळीतला शेवटचा माणूस आहे. त्याला बदलून, तेच कापड तशाच घाईत दुसऱ्याकडे दिले, तर पुढच्या वर्षीही बोधचिन्ह गुलाबीच होणार.

आधी नेमके काय घडते ते सांगते. धुताना एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागतो, तो प्रकार वेगळा. त्यात पाणी कारणीभूत असते. इथे कारण उष्णता आहे. स्वेटशर्टच्या फ्लीसमध्ये, म्हणजे आतून मऊ फुलवलेल्या जाड कापडात, बहुतेक वेळा कापूस आणि पॉलिएस्टर दोन्ही असतात. कापसासाठी जे रिॲक्टिव्ह रंग वापरतात ते धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. छपाईच्या उष्णतेने ते उडून जात नाहीत. पॉलिएस्टरला हे रंग धरतच नाहीत. त्याला डिस्पर्स रंग लागतात. बंद यंत्रात दाबाखाली साधारण 130 अंश सेल्सिअसला पॉलिएस्टरचा धागा आतून सैल होतो, रंग आत शिरतो आणि धागा थंड झाला की तिथेच अडकतो. म्हणजे हा रंग धाग्याला जोडलेला नसतो, नुसता कोंडलेला असतो. पुन्हा पुरेसे तापवले की त्याला बाहेर पडायला वाट मिळते. शिवाय हे रंग तापल्यावर वितळून वाहत बसत नाहीत, कापरासारखे सरळ हवेत उडतात. खेळाडूंच्या जर्सीवर आणि चहाच्या मगवर जी सब्लिमेशनची छपाई होते ती याच गुणाच्या जोरावर. तिथे जो गुण कामाला येतो तोच आमच्याकडे घात करतो.

आता वरून जी शाई बसते तिच्याकडे पाहा. स्वेटशर्टवरची जाड, गुळगुळीत, झाकून टाकणारी छपाई बहुधा प्लास्टिसोलची असते. पीव्हीसीचे बारीक कण प्लास्टिसायझर नावाच्या द्रवात कालवलेले असतात. ही शाई हवेवर वाळत नाही, स्क्रीनवर, म्हणजे छपाईच्या जाळीच्या चौकटीवर, रात्रभर राहिली तरी सकाळी तशीच ओली असते. तिला पक्की करायला उष्णताच लागते आणि नेहमीच्या प्लास्टिसोलला ती 160 अंशांच्या आसपास द्यावी लागते. खाली पॉलिएस्टरमधला रंग सुटायला लागलेला, आणि वर त्याला विरघळवून आपल्यात घेणारे प्लास्टिसायझर. मरूनवरचे पांढरे गुलाबी होते, रॉयल ब्लूवरचे आकाशी, बॉटल ग्रीनवरचे हिरवट. काळ्या कापडावर काही होणार नाही असे गिऱ्हाइकांना वाटते, पण पॉलिएस्टरचा काळा हा बहुधा निळा, नारिंगी, जांभळट असे रंग मिसळून केलेला असतो. त्यातला जो आधी उडेल त्याची छटा पांढऱ्यावर येते.

फसवणुकीचा संशय का येतो, तेही मला समजते. हा रंग नेहमी लगेच वर येत नाही. कधी शाई पक्की करायच्या ड्रायरमधून कपडा बाहेर येतानाच पांढरा मळलेला दिसतो, कधी दुसऱ्या दिवशी, आणि कधी गठ्ठे बांधून दुकानात ठेवल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी. छपाईवाल्याने शाळेत माल पोचवला तेव्हा तो पांढराशुभ्रच असतो. मुख्याध्यापक सही करतात, वाटप होते, आणि मग घराघरांतून तक्रारी सुरू होतात. यात शाई हलकी होती असे सिद्ध होत नाही. डब्यावर कितीही मोठे नाव असलेली, महागातली महाग साधी पांढरी शाई घ्या. वाईट रंगवलेल्या मरून पॉलिएस्टरवर 160 अंश दिले की तीही गुलाबी होईल.

म्हणून माझे म्हणणे असे की हा प्रश्न कापड विकत घेतानाच सोडवावा लागतो. छपाईच्या टेबलावर तो फक्त आटोक्यात ठेवता येतो.

आमच्याकडे फ्लीस येते ते मुख्यतः लुधियाना आणि तिरुपूरचे, मध्ये एक-दोन व्यापारी असतात. बिलावर लिहिलेले असते ‘कॉटन फ्लीस’. कधी पुढे कापूस-पॉलिएस्टरचे प्रमाण 80-20, कधी 60-40, आणि पुष्कळदा काहीच नाही. आता थ्री थ्रेड फ्लीस कसे विणतात ते बघा. बाहेरचा दिसणारा धागा एक, आतल्या मऊ बाजूचा फास असलेला धागा दुसरा, आणि दोघांना बांधणारा तिसरा. आतला धागा मग ब्रश करून फुलवतात, त्याचीच ऊब लागते. बाहेरचा धागा कापसाचा आणि आतला पॉलिएस्टरचा असे असेल तर त्रास तुलनेने कमी होतो, कारण शाई टेकते ती कापसावर. बाहेरचाच धागा मिश्र असेल तर शाई थेट पॉलिएस्टरवर बसते. दोन्ही कापडांच्या बिलावर टक्केवारी सारखीच असू शकते. नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

त्यामुळे नवा लॉट आला की आमच्याकडे पहिले काम काडेपेटीचे. स्वेटशर्ट उलटा करायचा, बगलेखालच्या शिवणीत सोडलेल्या मार्जिनमधून बाहेरचा एक धागा आणि आतला एक धागा सुईने वेगवेगळा ओढून काढायचा. बाहेरचा धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यायचा. निव्वळ कापूस असेल तर तो कागद जळाल्यासारखा वास देत जळतो, मागे राखाडी राख उरते आणि बोटात धरली की ती भुरभुरते. पॉलिएस्टर ज्योत लागण्याआधीच मागे आकसते, काळा धूर सोडत वितळते आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. तो बोटांनी फुटत नाही. मिश्र धाग्यात राखही दिसते आणि त्यात खडे लागतात. दिरांच्या बोटांना ही राख इतकी ओळखीची झाली आहे की ते न बघता सांगतात. ‘कॉटन’ म्हणून आलेल्या लॉटमधून असे खडे लागले की आम्ही व्यापाऱ्याला फोन करतो. उत्तर ठरलेले असते, ‘ताई, सगळे हेच घेतात.’

दुसरी चाचणी हीट प्रेसवर, म्हणजे इस्त्रीसारख्या तापत्या पाट्याने दाबणाऱ्या यंत्रावर. पॉलिएस्टरच्या पांढऱ्या कापडाचा तुकडा मरून कापडावर ठेवायचा, 180 अंशांवर 30 सेकंद दाबायचा आणि उचलून खिडकीपाशी उजेडात बघायचा. पांढरा पांढराच राहिला तर कापड भरवशाचे. गुलाबी झाला तर त्या लॉटवर साधे प्लास्टिसोल चालणार नाही हे तिथेच ठरते. ही काही आमच्या घरची युक्ती नव्हे. कोरड्या उष्णतेने रंग किती सुटतो हे मोजायची आंतरराष्ट्रीय मानक पद्धत आहे, आयएसओ 105-पी01. तिच्यात 150, 180 आणि 210 अंशांवर 30 सेकंद तापवून शेजारच्या पांढऱ्या कापडावर किती डाग पडला त्याला 1 ते 5 असे गुण देतात, 5 म्हणजे सर्वांत चांगले. निर्यातीच्या मालाला असे अहवाल मागितले जातात. शाळेच्या स्वेटशर्टसाठी असा अहवाल कोणी मागितलेला मी तरी ऐकलेला नाही.

रंगाईच्या कारखान्यात काय होते याबद्दलही बोलायला हवे, कारण तिथे वाचवलेल्या पैशांची किंमत पालक मोजतात. पॉलिएस्टर रंगवून झाले की धाग्याच्या बाहेरच्या बाजूला काही रंग नुसता चिकटून राहतो. तो काढायला कॉस्टिक आणि हायड्रोसच्या 70-80 अंशांच्या पाण्यात कापड धुतात. याला रिडक्शन क्लिअरिंग म्हणतात. त्याला पाणी, वाफ, रसायन आणि यंत्राचा वेळ लागतो. घाईत किंवा काटकसरीत ही धुलाई उरकली किंवा गाळलीच, तर कापड बाजारात येते तेव्हा दिसायला उत्तम असते. हात लावून कोणालाही फरक सांगता येणार नाही. वर मऊपणासाठी सॉफ्टनर जास्त मारला की आतला रंग पृष्ठभागाकडे यायला आणखी मदत होते. डिस्पर्स रंगांतही कमी उष्णतेला उडणारे आणि जास्त उष्णतेपर्यंत टिकणारे असे प्रकार आहेत. गडद मरून, लाल, निळा रंग कोणत्या प्रकारचा वापरला हे रंगाई करणाऱ्याला माहीत असते. व्यापाऱ्याला बहुधा नसते, छपाईवाल्याला तर नाहीच.

आमच्या व्यवसायातल्या लोकांची बाजू मी मांडते आहे, पण आमच्याकडून जे व्हायला हवे ते सगळेच करतात असे म्हणणार नाही. हॉट एअर गन फिरवून किंवा फ्लॅशखाली (दोन थरांच्या मध्ये शाई धरून घ्यायला वापरायचा हीटर) धरून प्लास्टिसोल पक्के करणारी वर्कशॉप पुष्कळ आहेत. तिथे एका कोपऱ्यात 130 अंश आणि दुसऱ्यात 200 होतात. एकीकडे शाई कच्ची राहून धुतल्यावर सुटते, दुसरीकडे खालचा रंग भडाभडा वर येतो. फ्लीसमध्ये हे अधिकच बिघडते, कारण ते जाड असते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते. तो ओलावा वाफ होऊन निघेपर्यंत शाईचे तापमान चढत नाही, म्हणून माणूस आणखी तापवतो, आणि ओलावा संपला की तापमान एकदम वर जाते. आम्ही छापण्यापूर्वी स्वेटशर्ट एकदा कोरडे करून घेतो. तापमान ड्रायरच्या डायलवर बघायचे नसते, ते शाईवर बघायचे. त्यासाठी कपड्याला चिकटवायच्या कागदी पट्ट्या मिळतात, ठरावीक तापमान झाले की त्यांचा रंग बदलतो. लांबून तापमान मोजणारी लेसर गन वरचा पृष्ठभाग दाखवते, शाईच्या तळाला काय चालले आहे ते तिला दिसत नाही.

फ्लॅशबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते अर्धे नुकसान तिथेच होते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पांढऱ्याचा पहिला थर मारला की दुसरा मारण्यापूर्वी पहिला नुसता धरून घ्यायचा असतो, पक्का करायचा नसतो. बोट टेकवले तर शाई बोटाला लागू नये, एवढेच हवे. सकाळी पॅलेट, म्हणजे कपडा चढवायचे पाट, थंड असतात, तेव्हा समजा आठ सेकंद लागतात. दोन तास काम झाल्यावर लोखंडी पॅलेट स्वतःच तापलेले असतात, स्वेटशर्ट खालूनही भाजत असतो. आता तीन-चार सेकंद पुरतात. पण टायमर सकाळी आठवर लावला तो संध्याकाळपर्यंत आठवरच. पॉलिएस्टरचा धागा 70-80 अंशांच्या पुढे आतून सैल व्हायला लागतो, आणि आपण त्याला ड्रायरच्या आधीच खालून-वरून भाजून तयार करून ठेवतो. आमच्याकडे टायमर दर गठ्ठ्यागणिक बघायचा असा नियम आहे. पॅलेटवर हात ठेवता येईना झाला की चहा घ्यायचा आणि पंखा सोडायचा.

कापड संशयास्पद असेल तर शाई बदलावी लागते. कमी उष्णतेला पक्के होणारे प्लास्टिसोल आता सहज मिळते, ते 130 ते 140 अंशांत बसते. ड्रायरचा पट्टा हळू चालवून त्याला वेळ जास्त द्यायचा. वेळ वाढला की दिवसाचे नग कमी होतात, हा त्याचा खरा खर्च. त्याखाली ब्लॉकरचा थर द्यायचा. हा करडा किंवा काळा असतो, त्यातला कार्बन वर येऊ पाहणारा रंग शोषून धरतो. ब्लॉकर पातळ बसला तर उपयोग नाही. फार बारीक जाळीची स्क्रीन घेऊ नये. इंचाला 110 धाग्यांची जाळी ठीक पडते. ब्लॉकर फ्लॅश करायचा, मग त्यावर लो ब्लीड, म्हणजे खालचा रंग कमी वर येऊ देणारा, पांढरा. एक स्क्रीन वाढते, एक फ्लॅश वाढतो आणि जुळणी नेमकी लागते, नाहीतर बोधचिन्हाच्या कडेने करडी रेघ डोकावते. फ्लीसवर हे सोपे नाही, कारण कापड स्क्वीजीखाली, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीखाली, दबते आणि सरकते. सिलिकॉनची शाईही आहे. ती कमी तापमानावर बसते, ताणली तरी तडकत नाही, पण महाग आहे आणि एकदा तिला पक्की करणारा कॅटलिस्ट घातला की ठरावीक तासांत संपवावी लागते.

आणि छापून झाल्यावरचे थंड करणे! ड्रायरच्या तोंडाशी स्वेटशर्ट एकावर एक टाकत गेले की मधले नग तासन्‌तास गरम राहतात. फ्लीस ऊब धरण्यासाठीच बनवलेले कापड आहे. ड्रायरमध्ये नीट सांभाळलेला पांढरा त्या ढिगात गुलाबी होतो. लो ब्लीड पांढऱ्या काही शायांचा आणखी एक त्रास म्हणजे गरम ढिगात त्यांच्यातल्या रसायनाने वरच्या स्वेटशर्टच्या पाठीवर बोधचिन्हाची फिकट सावली उमटते. ती धुऊन जात नाही. आम्ही ड्रायरच्या तोंडाशी दोन पंखे लावतो, नग दोरीवर टाकतो आणि हाताला पूर्ण गार लागल्यावरच घडी घालतो. त्याला जागा लागते. भाड्याच्या गाळ्यात जागा हीच सर्वांत महाग वस्तू आहे, त्यामुळे हा भाग पहिला वगळला जातो.

यावर डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) हा उपाय असल्याचे हल्ली सर्रास सांगितले जाते. फिल्मवर छापून हीट प्रेसने चिकटवायचे, काम झटपट. पण ते चिकटवायलाही 150-160 अंश लागतातच आणि त्यातूनही रंग वर येतो. त्यासाठी काळी, रंग अडवणारी वेगळी पावडर मिळते, ती वापरली आहे का हे विचारावे. खादी म्हणजे पाण्यातला पांढरा पिगमेंट मंद उष्णतेवर वाळवता येतो, म्हणून रंग कमी सुटतो. पण फ्लीसवर तो कडक होतो आणि कोपराला ताण बसला की तडे जातात.

शाळांना मी एक वेगळाच सल्ला देते, त्यात आमचे काम जाते हे मला कळते. छातीवरचे बोधचिन्ह तळहाताएवढे असेल तर ते भरतकामात करा, किंवा विणलेला बिल्ला शिवून घ्या. त्याला भट्टीची उष्णता लागत नाही, म्हणून हा प्रश्नच येत नाही. छपाई पाठीवरच्या मोठ्या अक्षरांना आणि चित्रांना शोभते. छापायचेच असेल तर मरूनवर शुभ्र पांढऱ्याचा हट्ट का? फिकट पिवळा किंवा सोनेरी घेतला तर खालून थोडा लाल आला तरी तो डोळ्यांना खटकत नाही. राखाडी स्वेटशर्टवर मरून बोधचिन्ह उठून दिसते आणि त्याला काहीही होत नाही. ज्या पालकांचे स्वेटशर्ट गुलाबी झाले त्यांनी ते ब्लीचमध्ये टाकू नयेत. शाईत शिरलेला रंग बाहेर येत नाही आणि कापड मात्र पिवळट चट्ट्यांनी खराब होते. त्या जागेवर बोधचिन्हाच्या मापाचा बिल्ला कोणताही शिंपी शिवून देईल. पूर्ण स्वेटशर्ट बदलण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते.

शाळांचे कोटेशन मागवायचे पत्र कसे असते ते आम्ही दर वर्षी बघतो. ‘मरून फ्लीस स्वेटशर्ट, छपाईसह, दर कळवावा.’ कापडाचे वजन नाही, कोणता धागा बाहेर हवा ते नाही, छपाई किती धुण्यांपर्यंत टिकावी ते नाही. सर्वांत कमी दर येतो त्याला काम. ब्लॉकर, कमी उष्णतेची शाई, सावकाश चालवलेला ड्रायर, थंड करायला जागा, हे सगळे धरून दर काढणारा माणूस नगामागे काही रुपयांनी मागे पडतो आणि घरी जातो. ज्याने यातले काहीच धरले नाही तो काम घेतो. त्याच्याकडे कापड येते नोव्हेंबरच्या मध्याला आणि माल हवा असतो आठ दिवसांत. कापड तपासायचे, सॅम्पल मारायचे, ते दोन दिवस नुसते ठेवून बघायचे, घरी पाच वेळा धुऊन बघायचे, हे त्या आठ दिवसांत बसत नाही. सॅम्पल छापल्या दिवशी मंजूर करून घेणे म्हणजे या बाबतीत सॅम्पल न घेण्यासारखेच आहे, कारण रंग वर यायला वेळ लागतो हे मी वर लिहिलेच आहे.

मंडळे, ट्रेकिंगचे ग्रुप, सायकलस्वारांच्या पहाटेच्या फेऱ्या, कंपन्यांचे वार्षिक दिन यांच्या हुडींनाही हेच लागू आहे. 2027च्या सिंहस्थासाठी स्वयंसेवकांचे शर्ट छापायला निघतील ते बहुतेक निव्वळ पॉलिएस्टरचे असतील, भगवे किंवा गडद निळे, वर पांढरी अक्षरे. ते फ्लीस नसले तरी रंग तसाच सुटेल. हजारोंच्या संख्येने काम देणाऱ्यांनी आत्ताच कापडाचा अहवाल मागावा.

कापड व्यापाऱ्यांकडे माझे मागणे मोजकेच आहे. बिलावर नुसते ‘कॉटन फ्लीस’ न लिहिता बाहेरच्या धाग्यात काय आणि आतल्या धाग्यात काय हे वेगवेगळे लिहावे. गडद रंगाच्या लॉटला रंगाई करणाऱ्याकडून 180 अंशांच्या चाचणीचे गुण मागून घ्यावेत आणि ते लॉट नंबरसोबत आम्हाला द्यावेत. 4च्या खाली गुण असतील तरी कापड टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. ते भरतकामाला चालेल, गडद शाईला चालेल, ब्लॉकर घालून पांढऱ्यालाही चालेल. फक्त ते आम्हाला छापण्यापूर्वी कळले पाहिजे. आज ते आम्हाला काडेपेटी आणि हीट प्रेस घेऊन शोधून काढावे लागते, आणि ज्याच्याकडे तेवढी सवड नसते त्याला ते पालकांच्या तक्रारीतून कळते.

शाळांनी मागणीच्या पत्रात चार ओळी वाढवाव्यात: कापडाचे वजन, बाहेरचा धागा कापसाचा, छपाई कमी उष्णतेच्या शाईने आणि ब्लॉकरसह, आणि सॅम्पल छापल्यानंतर किमान दोन दिवसांनी व एक धुणे झाल्यावर मंजुरी. एवढे लिहिले तर सगळे दर एकाच कामाचे येतील आणि त्यांची तुलना करता येईल. स्वेटशर्टची मागणी गणेशोत्सव आटोपल्यावर द्यावी. दिवाळीच्या सुट्टीआधी सॅम्पल मंजूर झाले, तर शाळा पुन्हा भरेपर्यंत सगळा माल सावकाश छापता येतो, गार करता येतो आणि गठ्ठे बांधण्यापूर्वी एकेक नग उजेडात धरून तपासता येतो.

आपली नम्र,
एक स्क्रीन प्रिंटिंग व्यावसायिक,
सातपूर, नाशिक